परदेशच्या शाळा आणि आपला शिक्षक

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वीं काशीयात्रा करून परत आलेल्या गृहस्थाला गांवांत मोठा मान मिळे. लोक त्याच्या पायां पडत, त्याच्या घरीं मावंदें जेवत आणि वाटेंतील हकीकती कौतुकानें ऐकत. परंतु त्या मावंद्यानंतर गांवांत काय बदललें, असा प्रश्न कोणी विचारीत नसे. कारण यात्रेचें पुण्य यात्रेकरूचें, असें सर्वांनीं धरलेलें असे. शिक्षकाच्या परदेशप्रवासाची गोष्ट अशी नाहीं. शिक्षक जातो तो एकटा; पण त्याच्या मागें तीस-चाळीस मुलांचा वर्ग असतो. त्या प्रवासाचें पुण्य जर त्या मुलांच्या पदरीं पडलें नाहीं, तर प्रवास कितीहि सुखाचा झाला असला तरी शाळेच्या दृष्टीनें तो वायां गेला असेंच म्हणावें लागेल.

गुणी शिक्षकांचा सत्कार करण्याची प्रथा आपल्याकडे आतां चांगली रुजली आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ सालीं सुरू झाले. महाराष्ट्र राज्याच्या शिक्षक पुरस्काराला सावित्रीबाई फुले यांचें नांव जोडलेलें आहे. या सत्काराच्या पुढची पायरी म्हणून निवडक शिक्षकांना परदेशच्या शाळा दाखवाव्या, हा विचार गेल्या कांहीं वर्षांत बळावला आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांतील शिक्षक फिनलंड आणि सिंगापूर येथें जाऊन आले. पंजाबनें २०२३ सालीं आपले मुख्याध्यापक सिंगापूरला पाठविले. भारत आणि अमेरिका यांच्यामध्यें विद्याविनिमयाचा करार तर २ फेब्रुवारी १९५० रोजीं झाला, आणि २००८ सालच्या नव्या करारानें फुलब्राइट यांच्या नांवाशेजारीं नेहरूंचें नांव आलें. त्या योजनेखालीं शाळांतील शिक्षकहि कांहीं आठवडे अथवा कांहीं महिने तिकडे राहून येतात, विद्यापीठांत शिकतात आणि तेथील वर्गांत बसून पाहतात.

हा खर्च आणि हा खटाटोप सार्थ केव्हां होतो, हें तपासून पाहावयाचें तर प्रश्न एखाद्या गांवीं नेऊन पाहावा. ठाणें जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यांत, बदलापूरजवळ, चामटोली नांवाचें गांव आहे. कर्जतकडे जाणारी आगगाडी बदलापूर मागें टाकते तेव्हां शेतें आणि नव्या इमारती यांची जी सरमिसळ खिडकींतून दिसूं लागते, त्याच मुलखांतलें हें गांव. अलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची जी छावणी कल्याणजवळ वसली, तिलाच १९४९ सालीं हें नांव मिळालें. मध्यें अंबरनाथ-बदलापूरचे कारखाने आहेत, आणि डोंगराच्या बाजूस ठाकर-कातकरी पाडे आहेत. अशा मुलखांतल्या एखाद्या वर्गांत घरीं मराठी बोलणारें मूल, हिंदी बोलणारें मूल, सिंधी बोलणारें मूल आणि पाड्यावरची बोली बोलणारें मूल एकाच सतरंजीवर बसलेलें सांपडावें, यांत नवल नाहीं. बाप पहांटेच्या गाडीनें मुंबईकडे गेलेला, आई कारखान्यांत किंवा शेतावर, आणि मूल शाळेंत. हेलसिंकी किंवा सिंगापूर पाहून आलेला शिक्षक अशा वर्गांत उभा राहिला, तर तिसरींतल्या त्या मुलाला काय मिळेल? सर्व प्रश्न या एका प्रश्नांत सामावलेला आहे.

याचें उत्तर शोधतांना महाराष्ट्राला फार दूर जावें लागत नाहीं. परदेशच्या शाळेपासून शिकण्याची आपली परंपरा पुरस्कारांच्याहि आधींची आहे, आणि तिच्या अग्रभागीं धोंडो केशव कर्वे यांचें नांव आहे. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या या शिक्षकानें १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला आणि तो पुढें हिंगण्याच्या माळावर वाढविला. त्यांच्या हातीं एकदां जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. तें विद्यापीठ जिंझो नारुसे यांनीं १९०१ सालीं तोकियोंत स्थापिलें होतें, आणि नारुसे हे स्वतः त्यापूर्वीं अमेरिकेंत राहून तेथील शिक्षणसंस्था पाहून आलेले होते. म्हणजे अमेरिकेंत पाहिलेली गोष्ट जपानांत जपानी झाली, आणि जपानांतली गोष्ट पुस्तिकेच्या रूपानें पुण्यास पोंचली. १९१५ सालच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनीं महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं अवघ्या पांच विद्यार्थिनींवर त्या विद्यापीठाचें पहिलें महाविद्यालय उघडलें.

या गोष्टींत लक्षांत ठेवण्यासारखें असें कीं, त्या वेळेपर्यंत कर्व्यांनीं जपानच्या भूमीवर पाऊलहि ठेवलेलें नव्हतें. पुस्तिका तर अनेकांनीं चाळली असेल. परंतु कर्व्यांच्या मनांत वीस वर्षांच्या कामानें एक अडचण पक्की झालेली होती: मुलींना परक्या भाषेंतून, मुलग्यांसाठीं आंखलेलें शिक्षण कां द्यावें? ज्याच्या मनांत प्रश्न तयार आहे त्याला उत्तर पुस्तिकेंतहि सांपडतें. ज्याच्या मनांत प्रश्न नाहीं त्याला तें शंभर शाळा फिरूनहि सांपडत नाहीं. जपानच्या उदाहरणापासून कर्व्यांनीं धीर घेतला. पण विद्यापीठ उभारलें तें इथल्या मुलींसाठीं, इथल्या भाषांच्या माध्यमांतून.

कर्वे प्रत्यक्ष परदेशीं गेले ते मार्च १९२९ मध्यें, वयाच्या सत्तरीच्या पुढें. इंग्लंडांत माल्व्हर्न येथें प्राथमिक शिक्षकांची परिषद भरली होती, तिला ते हजर राहिले. लंडनला भारतांतील स्त्रीशिक्षणावर बोलले. जिनीव्हाच्या शिक्षणपरिषदेंत त्यांनीं स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा भारतीय प्रयोग सांगितला. आणि ऑगस्ट महिन्यांत डेन्मार्कमधील एल्सिनोर येथें नव्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचें जें आंतरराष्ट्रीय संमेलन झालें, त्यांतहि ते बसले. पुढें अमेरिका आणि जपान पाहून ते १९३० च्या एप्रिलांत परतले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आफ्रिकेकडे निघाले. या साऱ्या प्रवासांत त्यांची भूमिका पाहुण्याची नव्हती. ते जसे पाहावयास गेले तसे सांगावयासहि गेले. आपल्याकडे देण्यासारखें कांहीं आहे, या जाणिवेनें जो जातो त्याच्याशीं लोक बरोबरीच्या नात्यानें बोलतात. आणि बरोबरीच्या बोलण्यांत जें कळतें तें मार्गदर्शकाच्या मागोमाग इमारत फिरून कळत नाहीं.

दुसरें उदाहरण याहूनहि जवळचें, म्हणजे त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतलेंच आहे. येथें शिक्षक परदेशीं गेला नाहीं. परदेशची शिक्षणपद्धति येथें आली. मारिया माँटेसरी या इटालियन विदुषी १९३९ च्या नोव्हेंबरांत मद्रासजवळ अड्यारला आल्या, आणि महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम वाढत जाऊन हजारावर भारतीय शिक्षकांना त्यांच्या पद्धतीचा परिचय झाला. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनीं तर त्याच्याहि पूर्वीं, १९२६ सालीं, नूतन बालशिक्षण संघ स्थापून ती पद्धति गुजराती आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं आणली होती. शहरांतील सुखवस्तु घरांना ती आवडली. परंतु १९४५ सालीं ताराबाई बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हां खरी परीक्षा सुरू झाली. गुळगुळीत लांकडाचीं, मापांत बसविलेलीं, महागडीं साधनें खेड्यांतल्या बालवाडीला परवडणार कशीं?

त्या दोघींनीं साधनें टाकलीं आणि तत्त्व ठेवलें. मुलानें हातानें हाताळून, मोजून, जुळवून, आपल्या गतीनें शिकावें, हें तत्त्व. त्यासाठीं शिंपले, गोटे, पानें, बिया आणि फुलें कोंकणच्या किनाऱ्यावर फुकट मिळत होतीं. वस्तींतलीं मुलें बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, आणि तिला अंगणवाडी हें नांव मिळालें. पुढें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं काम सुरू झालें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां शाळा कुरणांत गेली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला भारत सरकारनें बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव देण्यांत आलें. रोमच्या गरीब वस्तींत १९०७ सालीं उघडलेल्या एका बालगृहाचा हा वारसा आज चामटोलीसारख्या गांवांत कोणाला परका वाटत नाहीं. पण मूळचीं लांकडी साधनें जशींच्या तशीं आणण्याचा हट्ट धरला असता, तर ती पद्धति शहराच्या वेशीबाहेर पडलीच नसती.

असाच अनुभव इतर देशांचाहि आहे. तोत्तोचान हें पुस्तक मराठी घरांत आवडीनें वाचलें जातें. त्यांतील आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए नांवाची शाळा ज्यांनीं १९३७ सालीं चालू केली, ते सोसाकु कोबायाशी हे संगीताचे शिक्षक होते. ते युरोपांत गेले आणि दालक्रोझ यांच्याकडे ताल-लयीच्या शिक्षणाची पद्धति शिकले. परत आल्यावर त्यांनीं युरोपांतली शाळा उचलून तोकियोंत ठेवली नाहीं; भंगारांतले डबे घेतले, मुलांना डब्यांत डोंगरावरचें आणि समुद्रांतलें असें दोन्ही प्रकारचें खाणें आणावयास सांगितलें, आणि शरीराच्या हालचालींतून शिकण्याचें तत्त्व त्यांत मिसळलें. १९४५ च्या बाँबवर्षावांत ती शाळा जळाली. आठ वर्षांचें आयुष्य लाभलेली ती लहानशी शाळा, पण तिची ओळख जगभर राहिली.

आतां अलीकडच्या काळाकडे वळावें. सोलापूर जिल्ह्यांत, माढा तालुक्यांत, परितेवाडी नांवाचें खेडें आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजीं जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. १४० हून अधिक देशांतून १२,००० च्या वर नांवें आलेलीं होतीं, आणि पुरस्काराची रक्कम १० लाख डॉलर होती. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. २००९ सालीं ते या शाळेवर आले तेव्हां शाळेची इमारत मोडकळीस आलेली, एका बाजूस गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूस अडगळीची खोली, अशी तिची अवस्था होती. मुलींची हजेरी तुटपुंजी आणि लहान वयांतलीं लग्नें हा नेहमींचा प्रकार. डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांतील धड्यांना चौकोनी सांकेतिक खुणा जोडल्या. घरच्या मोबाईलसमोर ती खूण धरली कीं कविता ऐकूं यावी, धड्याचें चित्र दिसावें, प्रश्न सोडवावयास मिळावे. पुढें ही युक्ति राज्याच्या आणि देशाच्या पाठ्यपुस्तकांनींहि उचलली.

डिसले यांचें दुसरें काम या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. त्यांनीं भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन, इराण आणि इराक अशा एकमेकांशीं वैर असलेल्या देशांतील मुलांची कांहीं आठवडे दूरसंवादानें गांठ घालून दिली. घरांतल्या एका छोट्या प्रयोगशाळेंतून ते अनेक देशांच्या वर्गांना शास्त्राचे प्रयोग दाखवीत. म्हणजे परदेशच्या शाळेशीं त्यांचें येणेंजाणें विमानाच्या तिकिटाआधींच सुरू झालेलें होतें. पुरस्कार मिळाल्यावर त्यांनीं निम्मी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली. प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ५५,००० डॉलर आले. नायजेरिया, इटली, ब्राझील, व्हिएटनाम, दक्षिण आफ्रिका, मलेशिया, दक्षिण कोरिया, इंग्लंड आणि अमेरिका येथील त्या शिक्षकांना आपल्या वर्गासाठीं कांहीं करतां आलें तर तें परितेवाडीच्या खात्यावरहि जमा होईल, असाच त्या दानाचा अर्थ होता.

पुढें त्यांना अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ति मिळाली, आणि तेथें एक कठीण प्रश्न उभा राहिला. या अभ्यासासाठीं रजा मिळावी कीं नाहीं, हा वाद जानेवारी २०२२ मध्यें वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रभर गाजला. अखेर त्या वेळच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनीं रजा मंजूर करण्याची सूचना दिली. त्या वादांत कोणाचें किती खरें होतें याचा निवाडा येथें करण्याचें कारण नाहीं. परंतु वाद कां झाला हें समजून घेण्यासारखें आहे. दोन शिक्षकांच्या शाळेंतून एक शिक्षक सहा महिने गेला तर शाळा अर्धी होते. त्याच्या वर्गाला कोण शिकविणार, याचें उत्तर आधीं तयार नसेल, तर गांवकऱ्यांनीं कुरकुर केली म्हणून त्यांना दोष देतां येत नाहीं. उलट, नियमांच्या कागदांत अडकून गुणी माणसाची संधि हुकली तर तेंहि शिक्षणाचेंच नुकसान. शिक्षकाचा मान आणि मुलांचा हक्क यांची अशी ओढाताण होऊं न देणें हें योजना आंखणाऱ्यांचें काम आहे. तें त्यांनीं केलें नाहीं तर ती ओढाताण एकट्या शिक्षकाच्या अंगावर येते.

आतां परदेशच्या शाळांत पाहावें काय? फिनलंडला जाणाऱ्याचे डोळे प्रथम उजेडाच्या वर्गखोल्यांनीं आणि मऊ गालिच्यांनीं दिपतात. पण फिनलंडची शाळा गालिच्यावर उभी नाहीं. सर्वांसाठीं एकच नऊ वर्षांची शाळा करण्याचा कायदा तेथें १९६८ सालीं झाला, आणि ती व्यवस्था १९७२ ते १९७७ या काळांत उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरत गेली. प्राथमिक शिक्षकालाहि विद्यापीठाची उच्च पदवी हवी, हा नियम १९७९ चा. शाळेंत फुकट जेवण तर १९४८ पासून चालत आलेलें आहे. जगानें फिनलंडचें कौतुक केलें तें २००१ सालीं, म्हणजे पेरणीनंतर तीस वर्षांनीं. पुढें २००६ नंतर त्या देशाच्या मुलांचे गुण आंतरराष्ट्रीय परीक्षांत उतरत गेले, आणि तेथील जाणते लोकहि आतां त्याचीं कारणें शोधीत आहेत. जो शिक्षक ही संपूर्ण हकीकत ऐकून येतो तो फिनलंडचें देव्हाऱ्यांतलें चित्र आणीत नाहीं. तासानंतर मुलांना पंधरा मिनिटें मोकळें सोडण्याचें तेथील साधें पथ्य तेवढें घेऊन येतो. त्याला पैसा लागत नाहीं.

सिंगापूरची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तेथील मुलें गणितांत जगांत पुढें असतात, याचें एक कारण त्यांच्या पाठ्यपुस्तकांची तीन पायऱ्यांची मांडणी: आधीं हातांत घेण्याच्या वस्तु, मग त्या वस्तूंचें चित्र, आणि शेवटीं आंकडा. ही कल्पना सिंगापूरची नव्हे. ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांतून ती घेतलेली आहे. परंतु सिंगापूरनें १९८० च्या सुमारास आपलीं पुस्तकें नव्यानें लिहितांना ती मनापासून स्वीकारली, सर्व शिक्षकांना शिकविली, आणि वर्षानुवर्षें सोडली नाहीं. १९९५ सालच्या आंतरराष्ट्रीय गणितपरीक्षेंत तो लहानसा देश पहिला आला. मग ज्या अमेरिकेंतून कल्पना निघाली तेथूनच शिक्षक ती शिकावयास सिंगापूरला जाऊं लागले. आपल्याकडील वर्गांत चिंचोके आणि काड्यांच्या जुड्या आहेतच. पण पुष्कळदां काड्यांवरून एकदम आंकड्यांवर उडी मारली जाते, आणि मधली चित्राची पायरी राहून जाते. मुलाचा पाय घसरतो तो त्याच जागीं. एवढी एक गोष्ट नीट पाहून आलेला शिक्षक तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी निराळ्या रीतीनें शिकवूं शकेल.

जपानांत पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही बिनखर्ची आहेत. पहिली फळ्याची. तेथील कसलेला शिक्षक तासाच्या आरंभापासून शेवटापर्यंत फळा पुसत नाहीं. डावीकडे प्रश्न, मध्यें मुलांनीं सुचविलेल्या रीती, चुकलेल्या रीतीहि त्यांतच, आणि उजवीकडे सर्वांनीं मिळून काढलेला निष्कर्ष. तास संपला कीं वर्गाच्या विचाराचा सगळा प्रवास फळ्यावर वाचतां येतो. दुसरी गोष्ट सहशिक्षकांची. पांच-सहा शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एकजण तो शिकवितो, बाकीचे वर्गांत उभे राहून शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात. मग सर्वजण बसून चर्चा करतात कीं अमुक क्षणीं अमुक बांकावरचें मूल कां अडलें. आपल्याकडे वर्गाचें दार लावून शिकविणें ही शिक्षकाची अब्रू समजली जाते, आणि दुसरा कोणी आंत आला तर तो तपासनीस असावा असें वाटतें. जपानी शिक्षकाला तेंच दार उघडें असणें भूषण वाटतें. हा फरक पुस्तकांत वाचून पटत नाहीं. चार दिवस तेथें बसल्यावर पटतो. परदेशप्रवासाची खरी किंमत अशाच ठिकाणीं वसूल होते.

जपानी शाळेंत मुलें स्वतः जेवण वाढतात आणि स्वतः वर्ग झाडतात, हेंहि पाहुण्यांना मोठें नवल वाटतें. आपल्याकडे शिजविलेलें दुपारचें जेवण आतां प्रत्येक सरकारी शाळेंत मिळतें. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानें तो मुलांचा हक्कच झाला. पण कोण वाढतो, कोण कोणाशेजारीं बसतो आणि खरकटें कोण उचलतो, या तीन गोष्टींत आपल्या समाजाचा जुना हिशेब अजून डोकावतो. तेथें पाळीपाळीनें वाढणाऱ्या मुलांकडे पाहून आलेला शिक्षक जर आपल्या शाळेंत सर्व जातींच्या मुलामुलींच्या हातीं आळीपाळीनें पळी देईल, तर तें एक पंगतीचें शिक्षण शंभर भाषणांहून अधिक काम करील. येथें परदेशची गोष्ट नुसती सोय म्हणून येत नाहीं; आपल्याच एका जुन्या दुखण्यावरचें औषध म्हणून येते.

देवाणघेवाण म्हटली कीं घेण्याबरोबर देणेंहि आलें, आणि आपण देण्याच्या बाजूला रिकामे नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें मद्रासेंत देशी शाळेंतलीं मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितांना पाहिलीं. त्यानें आपल्या अनाथ मुलांच्या शाळेंत ती रीत घेतली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची पद्धति बसविली, आणि १७९७ सालीं लंडनांत त्यावर पुस्तक छापलें. पुढें इंग्लंडांतल्या हजारों गरीब मुलांना शाळा मिळाली ती या मद्रासच्या पद्धतीनें. त्या वाळूंत अक्षरें काढणाऱ्या मुलांच्या गुरुजीचें नांव मात्र कोठेंहि नोंदलेलें नाहीं. त्यानें आपण कांहीं विशेष करीत आहोंत असें कधीं मानलेंच नसावें.

आजहि आपल्या खेड्यांतल्या गुरुजीची हीच चूक होते. एकाच खोलींत चार इयत्ता सांभाळणें, चार भाषा घरून घेऊन आलेल्या मुलांना एका भाषेच्या वाटेवर आणणें, पुस्तकें येण्यापूर्वींच वर्ग चालता करणें, हीं कामें तो रोज करतो आणि त्यांना कौशल्य म्हणत नाहीं. पण निर्वासित आणि स्थलांतरित मुलांनीं भरलेले वर्ग आतां युरोपांतहि झाले आहेत, आणि अनेक भाषांचा वर्ग कसा चालवावा हा प्रश्न तेथील शिक्षकांनाहि पडतो. उल्हासनगर-बदलापूरच्या मुलखांत हा प्रश्न पाऊणशें वर्षांचा जुना आहे. या भागांतला शिक्षक परदेशीं गेला तर तो या विषयांत शिष्य म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून बसूं शकेल. मात्र आपण काय करतों तें त्यानें आधीं लिहून, तपासून, नीट सांगतां येईल असें केलें पाहिजे.

या सर्वांवरून कांहीं गोष्टी ठरवितां येतात. पुरस्कार मिळाला म्हणून प्रवास, असें न होतां, प्रश्न आहे म्हणून प्रवास असें व्हावें. जाण्यापूर्वीं शिक्षकानें आपल्या वर्गांतील एकच अडचण निवडावी आणि ती घेऊन जावें. आठ दिवसांत तीन शहरें पाहण्यापेक्षां एका शाळेंत, एका वर्गांत, एकाच शिक्षकाबरोबर राहावें. जातांना त्याच्या मुलांना दुसरा शिक्षक मिळालेला असावा, आणि तो आहे हें गांवाला ठाऊक असावें. परत आल्यावर सत्कारसभा एकदां झाली तरी पुरे. पण दर महिन्याला केंद्रांतील शिक्षकांची जी परिषद भरते तींत त्यानें नव्या रीतीचा पाठ सर्वांसमोर घ्यावा, फसला तरी घ्यावा, आणि दहा शाळांनीं तो आपापल्या वर्गांत करून पाहावा. वर्षाच्या शेवटीं खर्चाचा तक्ता मागण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, किती वर्गांत काय बदललें. आणि जो परदेशचा शिक्षक पाहुणा म्हणून इकडे येईल त्याला राजधानींतल्या निवडक शाळा न दाखवितां आपल्या खेड्यांतल्या शाळेंत आठवडाभर बसवावें.

असें झालें तर चामटोलीच्या मुलखांतल्या तिसरींतल्या मुलाला आपला शिक्षक कोठें जाऊन आला हें कळण्याचीहि गरज उरणार नाहीं. त्याला एवढेंच कळेल कीं फळा आतां मध्येंच पुसला जात नाहीं, चुकलेलें उत्तरहि गुरुजी वर लिहून ठेवतात, काड्यांची जुडी सोडून हातचा घेण्यापूर्वीं तिचें चित्र काढावें लागतें, आणि आज वाढण्याची पाळी आपली आहे.